हाजर-बुवींचा ठसा

मी मर्गिलान शहरातल्या एका तंदूरवाल्या घरातला नानचा जुना ठसा आहे. माझी दांडी अक्रोडाची आणि तळाला तारेच्या टोकांचं फूल. कच्च्या नानच्या मध्यावर मला दाबलं की तो तिथे फुगत नाही. एवढंच माझं काम.

पण मित्रांनो, माझ्याआधी या घराच्या कर्त्याचा, एर्गाशचा हिशेब ऐका. झिलोला नावाची आपली मुलगी बोताबोय गिरणीवाल्याच्या घरी दिली की त्याला जन्मभर फुकट पीठ, वर व्याह्याचा दरारा. नफाच नफा. आडवी येत होती ती फक्त त्याच्या आईची स्मरणशक्ती.

ती आई म्हणजे हाजर-बुवी, झिलोलाची आजी आणि माझी मालकीण. आमच्याकडे घरातल्या थोराने पाहुण्यांदेखत नान मोडला की सोयरीक पक्की. बुवी तो नान भाजण्याआधी मुलीला विचारायच्या, "मनापासून ना गं?" ती हो म्हणाली तरच मला हातात घ्यायच्या. माझ्या ठशाचा नान म्हणजे मुलीचा होकार, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. फार मिरवलो मी!

गिरणीवाल्याला बुवींनी दोनदा परत पाठवलं होतं. त्याच्या मुलाची पहिली बायको मोडलेला हात गळ्यात बांधून माहेरी परतली होती.

मग एकदा तंदूरापाशीच बुवींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वाचल्या, चालू लागल्या. डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा एर्गाशला म्हणाल्या, "रक्त थांबलंय, पण निर्धास्त राहू नका. तुमच्या तंदूरात काजळी धरते ना, तसा जखमी मेंदूत कधीकधी नको त्या प्रथिनांचा थर साचत जातो. विसराळूपणा दिसला की लगेच घेऊन या. आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका."

एर्गाशने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

रोज सकाळी बुवींच्या हातावर गोळी ठेवायचं काम झिलोलाचं. ती परिचारिकेचं शिकत होती. वर्षभराने बुवी मीठ विसरू लागल्या, थंड तंदूरात नान थापू लागल्या. मला धुवायचंही विसरल्या. माझ्या तारांत पीठ आंबून त्याला वास सुटला.

"बाबा, बुवींना दवाखान्यात न्या ना!"

"म्हातारपण आहे ते. तू पुस्तकं वाचून शहाणी झालीस होय?"

त्याला कळत नव्हतं असं समजू नका. झिलोला कॉलेजात गेलेली पाहून त्यानेच आईला लाडीगोडी लावली. पुलावाच्या तुपाने माखलेली बोटं चाटत म्हणाला, "आई, बोताबोयला तूच तर हो म्हणालीस. आता विसरलीस की काय?"

आठवत नाही म्हणायची बुवींना लाज वाटली. "म्हणाले असेन बाबा," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी मला उचललं. त्या आंबूस तारांनी मी नानवर फूल उमटवलं. आजही त्या फुलाची मला शिसारी येते.

गिरणीवाल्याकडचे पाहुणे आले, बुवींनी नान मोडला आणि त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. बोताबोय ढेकर देऊन म्हणाला, "हाजर-बुवींचा ठसा आहे, म्हणजे पोरगी खूश!"

झिलोला दारात आली तेव्हा नान मोडून झाला होता. "बुवी, तुम्ही मला विचारलंच नाहीत!"

बुवींनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "तू कुणाची गं, पोरी?"

एर्गाश खो खो हसला. "बघा, म्हातारी थट्टा करतेय!" पाहुणेही हसले. ठशाला थुंकता येत नाही, मित्रांनो. नाहीतर थुंकलो असतो.

म्हणून सांगतो, अशा आजारातून उठलेलं माणूस विसरू लागलं तर 'वय झालं' म्हणून हात झटकू नका. दवाखान्यात न्या. आणि त्याच्या विसरण्यावर आपली पोळी भाजू नका.

आता शेवटचा जमाखर्च. एर्गाशला पीठ मिळालं, बोताबोयला सून. झिलोलाचं कॉलेज सुटलं. ती सासरी गेल्यापासून बुवी दर सकाळी हात पुढे करून बसतात, कशासाठी ते त्यांना सांगता येत नाही. गोळ्यांची डबी माझ्या शेजारीच कोनाड्यात आहे, भरलेली.