उजव्या सीटवरचा हात

ऑक्टोबर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आंतरराष्ट्रीय वैमानिक प्रशिक्षण महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावरील मुख्य प्रशिक्षिकेच्या खोलीत, महाविद्यालयातील सर्वांत जुन्या उड्डाण-प्रशिक्षकांनी आपल्या सख्ख्या साडूविरुद्ध दीड पानांची लेखी तक्रार सादर केली. मुद्द्यांना क्रमांक घातलेले होते, आणि तिसऱ्या मुद्द्यातील 'हेतुपुरस्सर' या शब्दाखाली रेघ ओढलेली होती.

मुख्य प्रशिक्षिकेला विद्यार्थी पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन्सिलीचे टोक नेमके त्या रेघेवर टेकवले.

"हा शब्द ठेवायचा की काढायचा?"

"ठेवायचा."

"विचार करा. बाकीचा कागद मतभेदाचा आहे. हा एक शब्द राहिला, की आरोपाचा होतो."

"आरोपच आहे, मॅडम. मुलगी माझ्याबरोबर एकोणीस तास उडाली. शेवटची तीस लँडिंग तर अशी, की कपातलं पाणी हलू नये. ह्यांच्या हाती एक सकाळ गेली, तर शेरा काय? 'एकटी सोडण्यास अयोग्य.' विमान तेच, धावपट्टी तीच, मुलगी तीच. मग बदललं काय? शेजारी बसलेला माणूस बदलला!"

"हे मात्र खरं," बाई म्हणाल्या, आणि कागद खणात ठेवला.

विद्यार्थ्याने प्रथमच एकट्याने विमान उडवण्याला 'सोलो' म्हणतात. त्यापूर्वी केवळ शिकवणाऱ्याचा शब्द पुरत नाही. दुसऱ्या प्रशिक्षकाला एकदा बरोबर बसून पाहावे लागते. पंचवीस तासांत सोलो न झाल्यास प्रकरण समितीपुढे जाते, आणि समितीपुढे गेलेला विद्यार्थी बहुधा सामान आवरूनच बाहेर येतो. ज्या मुलीवरून हा तंटा माजला होता, तिचे एकवीस तास भरले होते. तिचे वडील कुठल्याशा दूरच्या बेटावर प्रवासी नाव चालवीत, म्हणून वर्गातल्या मुलांनी तिचे नाव 'होडी' पाडले होते. ती बोले कमी. चुकली की ओठ मिटून वहीत लिहून ठेवी.

"शुक्रवारी सकाळी मीच मागच्या सीटवर बसते," बाई म्हणाल्या. "ती तिच्या जागी, तुम्ही तुमच्या. मग ठरवू कोण अयोग्य ते."

महाविद्यालयात या दोन साडूंना 'थोरले सर' आणि 'धाकटे सर' म्हणत. थोरल्या सरांना हे मुळीच रुचत नसे. अकरा वर्षे ते तिथे नुसते 'सर' होते. धाकटे आले आणि त्यांच्या मागे हे विशेषण लागले. बरे, धाकट्यांना आणले कोणी? स्वतः थोरल्यांनी. मेहुणीच्या नवऱ्याची मालवाहू विमानांच्या कंपनीतली नोकरी सुटली, तेव्हा पत्नीच्या आग्रहावरून त्यांनीच बाईंकडे शब्द टाकला होता. तो शब्द परत घेता येत नव्हता, आणि आठ महिने झाले तरी गिळताही येत नव्हता.

धाकट्यांचा दोष असा काही नव्हता, आणि थोरल्यांच्या दुःखाचे मूळ तिथेच होते. माणूस आळशी असता, तोंडाळ असता, निदान उशिरा येणारा असता, तर मत्सराला थोडे नैतिक अधिष्ठान लाभले असते. धाकटे वेळेवर येत. विमानाच्या पंखाखाली वाकून इंधन तपासताना गुणगुणत. विद्यार्थ्याने विमान आदळले की खो-खो हसत आणि म्हणत, "छान! आता तुला आदळणं म्हणजे काय ते कळलं." आणि त्याच पोरांची सोलो भराभर होत. सोलो झालेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर त्याच्या प्रशिक्षकाने बादलीभर पाणी ओतायचे, अशी तिथली रीत. आठ महिन्यांत धाकट्यांनी नऊ बादल्या ओतल्या. थोरल्यांनी दोन. हे आकडे कोणी फळ्यावर लिहीत नसे; थोरल्यांना ते पाठ होते.

त्यात भर म्हणून प्रशिक्षक-कक्षाची गच्ची. तिथून धावपट्टीचे टोक स्वच्छ दिसे. धाकट्यांना रिकामा तास मिळाला की ते चहाचा कप घेऊन कठड्याशी उभे राहत आणि उतरणारी विमाने पाहत. ते सगळ्यांचीच विमाने पाहत. थोरल्यांना मात्र पक्के वाटे, की तो माणूस तिथे फक्त आपले विमान उतरताना पाहायला उभा असतो.

बुधवारी घरी सासूबाई आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर पत्नीने पहिलाच घास अडकवला.

"अहो, धाकटीचा फोन होता. म्हणाली, भावोजींनी आमच्या ह्यांची तक्रार केली. खरं का?"

"कार्यालयातल्या गोष्टी घरी आणायच्या नसतात."

"मग तुम्ही घरातला माणूस कार्यालयात कशाला नेलात?"

सासूबाईंनी समेटाच्या सुरात तोंड घातले. "असू दे गं. जावईबापूंचा अनुभव मोठा आहे. धाकट्यांचं काय, पोरांत पोर होऊन शिकवतात, म्हणून पोरं त्यांच्याभोवती असतात. आमच्या जावईबापूंना तसं नाही जमायचं."

ही स्तुती होती. थोरल्यांनी ती स्तुती म्हणूनच स्वीकारण्याचा प्रयत्न केला, आणि घास घशात अडकून त्यांना ठसका लागला.

"पाणी प्या," पत्नी म्हणाली. "आणि राग पण."

गुरुवारी दुपारी धाकट्यांनी त्यांना विमानांच्या शेडबाहेर गाठले. हाताला तेल लागले होते, ते पुसत पुसत म्हणाले, "दादा, रागावू नका. एक सुचवू?"

"सुचवा, साडूभाऊ. तुम्हाला सगळंच सुचतं."

"पोरगी गुणी आहे. नजर चांगली, डोकं शांत. फक्त शेवटच्या दहा फुटांत ती थांबते. म्हणजे काहीच करत नाही. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. चार दिवस माझ्याकडे द्या. सोलो तुमच्या नावावर, बादलीही तुम्हीच ओता. मी त्या दिवशी रजा टाकतो, हवं तर."

याहून उदारपणे कोणी बोलू शकला नसता, आणि म्हणूनच ते थोरल्यांच्या काळजात कुसळासारखे रुतले. माणसाने आपले हिसकावून घेतले तर भांडता येते. जो आपलेच आपल्याला दान करू पाहतो, त्याच्याशी भांडावे कसे?

"माझ्या बादलीची काळजी तुम्ही करू नका," ते म्हणाले. "वाट बघते म्हणे! माझ्या शेजारी कधी नाही बघितली तिने वाट."

"तेच मला कळत नाही," धाकटे प्रांजळपणे म्हणाले.

"कळेल उद्या."

त्यांनी मुलीला धाकट्यांकडे द्यायचे नाकारले. तिचे चारच तास उरले आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असूनही नाकारले.

शुक्रवारी वारा पडलेला होता. चार आसनांचे लहान विमान. डाव्या सीटवर होडी, उजव्या सीटवर थोरले, मागे बाई, मांडीवर वही आणि हातात ती पेन्सिल. पुढच्या दोघांसमोर एकेक योक, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगचे जणू अर्धे चाक. दोन्ही योक आतून जोडलेले. एक हलला की दुसरा हलतो, एक ओढला की विमानाचे नाक वर येते. लँडिंगचे सारे मर्म शेवटच्या चार-पाच सेकंदांत असते. धावपट्टी जवळ येऊ लागली की नाक हलकेच उचलून धरायचे, आणि विमानाला नकळत जमिनीवर बसू द्यायचे.

पहिली फेरी. विमान वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत आले, तेव्हा थोरल्यांची नजर सवयीने गच्चीकडे गेली. कठड्याशी एक आकृती होती, हातात कप. आणि चाके अशी टेकली, की टेकली हे आवाजावरूनच कळावे.

"बघितलंत, मॅडम?" थोरल्यांनी न राहवून विचारले.

"बघितलं. पुन्हा."

विमान थांबलेच नाही. त्याच वेगात पुन्हा उडाले. वर गेल्यावर मागून सूचना आली.

"सर, आता हात मांडीवर ठेवा. पाय पेडलांवरून मागे. तोंडाने हवं तितकं शिकवा."

"हात मांडीवरच असतात माझे."

"तर मग अडचण नाही."

थोरल्यांनी हात मांडीवर ठेवले. विमान उतरू लागले. गच्ची जवळ आली. शंभर फूट, पन्नास, वीस. तेवढ्यात त्यांच्या उजव्या मनगटावर पेन्सिलीची एक टिचकी बसली. त्यांनी खाली पाहिले. हात मांडीवर नव्हता. दोन बोटे आणि अंगठा योकच्या खालच्या कडेला अलगद लागलेले होते, आणि योक इंचभर मागे आलेला होता. तो हात तिथे कधी गेला, हे त्यांना देवाशप्पथ आठवत नव्हते. चाके टेकली. पुन्हा कपातले पाणी हलले नसते.

होडीने काही पाहिले नव्हते. तिची नजर समोर होती.

"तिसरी फेरी," बाई म्हणाल्या. "या वेळी हात मांडीखाली. त्यावर बसा."

अकरा वर्षे आणि सहा हजार तास जमा असलेला माणूस शाळकरी पोरासारखा स्वतःच्या हातांवर बसला. विमान उतरू लागले. थोरल्यांच्या अंगाखाली बोटे वळवळली. त्यांनी ती दाबून धरली. दहा फुटांवर होडी थांबली. खरोखरच थांबली. योक धरून ती तशीच बसून राहिली, आपोआप घडणारे काहीतरी आता घडेल अशी. काहीच घडले नाही. विमान दाणकन आदळले आणि उसळले. त्या क्षणी थोरल्यांच्या मनात पहिला विचार विमानाचा आला नाही, मुलीचा तर नाहीच. पहिला विचार आला तो हा, की गच्चीवरून त्याने पाहिले.

दुसरा विचार येण्यापूर्वी होडीने इंजिनाची पूर्ण ताकद लावली, नाक सरळ केले आणि विमान वर काढले. कोणी सांगितले नव्हते. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती, पण विमान सरळ वर चढत होते.

चौथी फेरी. या वेळी तिने दातओठ खाऊन योक ओढला. थोडा उशिराच ओढला. चाके ठणकन बसली, पण बसली ती मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, आणि तिथून हलली नाहीत.

"हे तिचं," मागून बाई म्हणाल्या. "पुरे. परत चला."

बाईंच्या खोलीत तिघे टेबलाभोवती बसले. बाईंनी होडीला विचारले, "तिसऱ्या वेळी काय झालं?"

होडीने थोरल्यांकडे पाहिले, मग वहीकडे. "योक जड लागला, मॅडम."

"धाकट्या सरांबरोबर?"

"तेव्हाही जड. सरांबरोबर असलं की नेहमी हलका लागतो. मला वाटायचं, शेवटी तो हलका होतोच. विमानच तसं असतं."

"वहीत लिहिलंयस का तसं?"

"हो." तिने पान उघडून दाखवले. सुवाच्य अक्षरात लिहिले होते: शेवटच्या दहा फुटांत योक आपोआप मागे येतो, त्याला अडवू नये.

थोरल्यांनी ते वाक्य दोनदा वाचले. चिडायला त्यात काहीच सापडेना. एकोणीस तास त्यांनी तिला हेच शिकवले होते, आणि तिने ते तंतोतंत शिकून घेतले होते.

"तू जा, चहा घे," बाई तिला म्हणाल्या. दार लागल्यावर त्यांनी खणातून एक जाड रजिस्टर काढले. "काल संध्याकाळी हे चाळत बसले होते. दहा वर्षांत तुम्ही तपासणीला पाठवलेल्या पोरांपैकी दहात एखादं परत यायचं. गेल्या आठ महिन्यांत सात पाठवलीत, पाच परत आली. त्यातली तीन मी स्वतः तपासली होती, तेव्हा तुमच्या साडूंचा संबंध नव्हता. सर, आठ महिन्यांपूर्वी काय झालं?"

थोरल्यांनी बाहेर पाहिले. खिडकीतून गच्चीचा कोपरा दिसत होता. कठड्याशी धाकटे उभे होते, आणि त्यांच्याशेजारी होडी जाऊन उभी राहिली होती. धाकट्यांनी तळहात आडवा धरून हवेत हळूहळू खाली आणला, शेवटी बोटांची टोके वर उचलली. मग तिने तसे केले. मग दोघे हसले. एकोणीस तासांत ती थोरल्यांसमोर एकदाही हसली नव्हती, आणि त्यांना हे आत्ताच कळत होते. जुनीच असूया पुन्हा उठली. फक्त या वेळी तिला कुणाच्या अन्यायाचा आधार नव्हता.

"त्यांचं चुकलं नाही," ते अखेर म्हणाले. "मॅडम, मी बदमाशी नाही केली. हात आपोआप जायचा. वर तो उभा असला की... वाईट लँडिंग त्याला दिसू नये, एवढंच वाटायचं."

"बदमाशी केली असती तर सोपं होतं, नोटीस दिली असती."

"मुलीचं काय?"

"तिचे तीन तास उरलेत. तेवढे पुरतील."

"माझ्याकडे ठेवा. हातांवर बसेन मी, रोज बसेन."

"आज किती वेळा जोर लावून बसावं लागलं?"

बाईंनी तक्रारीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला, वर पेन्सिल ठेवली. थोरल्यांनी ती उचलली आणि तिसऱ्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली. मग थोडे थांबून सगळ्या दीड पानावर मारली. कागद परत केला तरी ते उठले नाहीत. ते निकालाची वाट पाहत होते, आणि तोही कोणीतरी हलका करून हाती द्यावा अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती.

बाईंनी रजिस्टर मिटले.

"मुलगी आजपासून धाकट्यांकडे. तुम्ही सोमवारपासून माझ्याबरोबर उडायचं, मी डावीकडे, तुम्ही उजवीकडे. मी मुद्दाम वाईट उतरवेन, आणि तुम्ही मला उतरवू द्याल. ते जमेपर्यंत तुम्हाला एकही विद्यार्थी मिळणार नाही."