तेलाखालचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. धुळ्यात भागाबाईंच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसते, पण माझ्या पोटात लोणचे नाही. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ आहे.

माझी सुरुवात गोव्याच्या एका प्रयोगशाळेत झाली. तिथे नुसते धुऊन भागत नसे. भट्टीत तापवून माझा तेलकटपणा पार जाळून टाकत. कारण भागाबाईंची मुलगी सुनंदा गाळातली चरबी शोधत असे. हजारो वर्षांपूर्वी समुद्रात वाढलेल्या सूक्ष्म वनस्पतींची ती चरबी. तिच्यावरून त्या काळी पाणी किती उबदार होते ते कळते. सुनंदा मला हातमोज्यांशिवाय शिवत नसे. एवढे लाड लोणच्याच्या बरणीचेही होत नाहीत.

१९८६च्या मे महिन्यात ती मला बर्फाच्या डब्यात घालून उत्तरेतल्या एका प्रयोगशाळेकडे निघाली. वाटेत घरी थांबली. खोल समुद्रातल्या त्या थराचा एवढाच गाळ उरला होता आणि तिचा प्रबंध त्याच्यावरच अडला होता. याला हवा लागली तर खराब होईल, असे तिने आईला बजावले आणि प्रवासाने दमलेली ती दुपारची झोपली.

त्या दिवशी घरात कैऱ्या फोडल्या होत्या. हवा लागू नये म्हणून काय करतात, हे भागाबाईंना कोणी शिकवायला नको होते. त्यांनी माझे झाकण उघडले आणि गार केलेले शेंगदाण्याचे तेल गाळावर बोटभर ओतले.

सुनंदा उठली तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "वर तेल टाकेल शे. आते नही व्हवाव खराब."

सुनंदाने माझे झाकण पुन्हा घट्ट लावले. मग बरे केलेस अशा सुरात म्हणाली, "बेस करं, माय."

शेंगदाण्याची चरबी मिसळून गाळ वाया गेला होता. नव्या गाळासाठी तिला जहाजाच्या पुढच्या सफरीची वाट पाहावी लागली. प्रबंध लांबला, हाताशी आलेली नोकरी दुसऱ्याला मिळाली. मला फार वाईट वाटले, पण बरणीला विचारतो कोण. पुढे सुनंदाचे नाव झाले. आईला मात्र तिने कधीच काही सांगितले नाही. भागाबाई दर उन्हाळ्यात माझेही तेल बघत, कमी दिसले तर वर घालत आणि पोरीचा समुद्र मी सांभाळते, असे शेजारणींना सांगत.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपायची तर कशी, ते आधी त्यालाच विचारा. तेवढे झाले असते तर मी आज इथे नसते.

यंदा, सत्त्याण्णव साली, भागाबाईंचे हात कापू लागले. त्यांना तेलाची किटली उचलवेना. रजेवर आलेल्या सुनंदाने मला उघड्या हातांनी खाली घेतले, झाकण काढले आणि आई पुरे म्हणेपर्यंत तेल ओतले.