बुजरीचं तिसरं घर

मी शिवणकाम करते आणि तोंडाने फटकळ आहे. गिऱ्हाइकं माझी बोलणी खातात आणि तरी माझ्याकडेच येतात, कारण धुऊन, इस्त्री केल्याशिवाय माझ्या दुकानातून चिंधीसुद्धा बाहेर जात नाही.

नणंद प्राण्यांच्या आश्रयघरात कामाला आहे. एका सकाळी ती पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दारात उभी. "वहिनी, फक्त पंधरा दिवस हं!"

खोक्यात एक गिनीपिग होती. दोन घरांनी हौसेने नेली आणि दोघांनीही परत आणून दिली. का, तर म्हणे सारखी लपते, पोरांना हात लावू देत नाही. "तिसऱ्यांदा परत आली तर आमच्याकडे पुढे कुणाला देत नाहीत," नणंद म्हणाली. "मग मागच्या खोलीतल्या पिंजऱ्यातच जन्म काढायचा."

"एवढी माया आहे तर ने की तुझ्या घरी!"

"माझ्याकडे दोन मांजरं आहेत, वहिनी."

झालं! गळ्यात पडली ती पडलीच. मी तिचं नाव बुजरी ठेवलं आणि लपायला उरल्यासुरल्या कापडांचा एक बोगदा शिवून दिला. आठ दिवस बाईसाहेबांनी नाकाचा शेंडाही दाखवला नाही. नवव्या दिवशी मी पिंजऱ्याशी बसून काजं करत होते, तर आपणहून बाहेर आली, मांडीवर चढली आणि तिथेच काकडी खाल्ली. मी सुई हवेत धरून बसले. हलायची छाती होईना.

पंधरवडा संपता संपता पलीकडच्या गल्लीतले घड्याळजी तिला न्यायला तयार झाले. एकटे, हळू बोलणारे, घरात टीव्हीचाही कलकलाट नाही. माणूस मला पसंत पडला. बुजरीची पाठवणी करायची म्हणून मी तिचा बोगदा गरम पाण्यात साबण लावून खसखसून धुतला, कडक इस्त्री केली आणि तिच्यासोबत दिला. पोरीला काय मळक्या कपड्यांत सासरी धाडायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "ताई, कालपासून तिने तोंडात काही घातलेलं नाही. डॉक्टरांना दाखवून आणलं. दात, पोट सगळं ठीक आहे म्हणाले, पण या प्राण्याला उपास झेपत नाही. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर सिरिंजने भरवावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हे म्हणणार, घेऊन जा तुमचं ध्यान! मशीन तसंच टाकून अंगावरच्या ॲप्रनसकट मी धावत सुटले.

त्यांच्या घरात पाऊल टाकलं ते तोंडाचा पट्टा सुरू करूनच. "पिंजरा खिडकीशी कशाला ठेवला? पाणी कधी बदललं? काकडीचे एवढे जाड तुकडे कुणी केले?" ते बिचारे प्रत्येक प्रश्नाला ओशाळून मान हलवत होते.

बोलता बोलता मी पिंजऱ्यापाशी फतकल मारली. बोगदा रिकामा होता, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. बुजरी उघड्यावर, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. माझ्या ॲप्रनचा काठ पिंजऱ्याच्या दारात लोळला, तशी तिने मान उचलली. हुंगत हुंगत आली आणि थेट ॲप्रनखाली शिरली. थोड्या वेळाने आतून कुरूकुरू आवाज यायला लागला. जाड काकडीच खात होती.

माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी डोक्यात उजेडही पडला. त्या बोगद्याला तिचा वास होता, माझ्या घराचा वास होता. नव्या जागेत तेवढंच तिच्या ओळखीचं, आणि मी ते परीटघडीचं करून दिलं! चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी.

"भाऊ, चूक माझी आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. मग गाठ सोडून ॲप्रन तसाच तिच्या अंगावर राहू दिला. "पण एक सांगा. एवढा त्रास झाला, तरी परत का नाही आणून दिलीत?"

घड्याळजी माझ्याकडे बघतच राहिले. "परत? आजारी पडली म्हणून घरचं माणूस कोणी परत करतं का, ताई?"

मला हुंदका आवरेना. "तुमचे फार उपकार झाले हो, भाऊ!" मी मोठ्याने म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, ताई. ती जेवतेय."