टाळूवरचं भोक

बेनिन शहरातल्या इगुन गल्लीत उहुनोमाला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, कुचेष्टाच जास्त. अख्खी गल्ली ओतारींची, घराघरात भट्टी. पण हा पठ्ठ्या भट्टीपेक्षा कागदात जास्त रमायचा. जुन्या राजांच्या काळात ओतलेल्या पितळी डोक्यांची, म्हणजे आतून पोकळ शिरमूर्तींची, भिंत जेमतेम दोन मिलिमीटर जाड कशी, एवढ्या एका प्रश्नापायी त्यानं बारा वर्षं घातली होती. जुन्या साच्यांच्या ठिकऱ्या दळून पाहिल्या, मेणात नाही नाही ते डिंक घातले, सतरा ठिकाणची माती आणली. तरी त्याचं ओतलेलं डोकं साडेचारच्या खाली काही उतरेना.

त्याचा बाप इदेहेन शाळेची पायरीही चढला नव्हता. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर जितका जाड, मेण वितळल्यावर त्या जागी ओतलेल्या धातूची भिंत तितकीच जाड, एवढंच त्याचं शास्त्र. “यामचे कंद शिजवायला बरी आहेत तुझी भांडी,” असं म्हणून तो पोराचं मेणाचं काम मांडीवर ओढायचा आणि छत्रीच्या काडीपासून केलेल्या खरडणीनं खरडत बसायचा. तीन आखूड, एक लांब. तीन आखूड, एक लांब. आवाजावरून कुणीही सांगावं की इदेहेन कामाला बसलाय. मरायच्या आदल्या दिवशीही तो पोराचंच मेण खरडत होता. खरडणी त्याच्याबरोबर मातीत गेली.

तीन महिन्यांनी बापाचं डोकं घडवून पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर बसवायची वेळ आली. थोरला मुलगा, म्हणजे काम उहुनोमाचंच. गल्लीची रीत अशी की राजाच्या बापाला पितळेचं डोकं आणि ओतारीच्या बापाला मातीचं. पण दोन्हींना टाळूवर भोक. उहुनोमानं ठरवलं, पितळेचंच करायचं. आणि भोक ठेवायचं नाही.

“भोक का नाही?” आईनं विचारलं. इझोगी तिचं नाव. नवरा गेल्यापासून ती कमी बोलायची, पण बोलली की लागेल असं बोलायची.

“अगं आई, ते भोक हस्तिदंत उभा करायला असतं. आपल्याकडे कुठला आलाय हस्तिदंत? मी लिहिलंय त्यावर.”

“मातीच्या डोक्यावर कोण हस्तिदंत ठेवतं रे? तरी भोक असतंच ना? माणसाला जायला-यायला वाट नको?”

उहुनोमा हसला. शिकलेल्या माणसाला आईचं बोलणं पटायला वेळ लागतो, आणि कधी कधी तो वेळ फार महागात पडतो.

डोकं उत्तम उतरलं. नाक बापाचं, खालचा ओठ बापाचा, कपाळावरची जुनी भाजल्याची खूणसुद्धा बापाची. गाभ्याची माती काढताना भिंत तडकेल म्हणून त्यानं ती आतच ठेवली. मान खालून पितळेच्या बैठकीनं बंद, टाळू बंद. विद्यापीठातून उसनं आणलेलं जाडी मोजायचं यंत्र त्यानं गालाला लावलं. साडेचार. म्हणजे पुन्हा याम शिजवायचं भांडंच.

तिसऱ्या दिवशी तो हात लावायला गेला तर डोकं कोमट लागलं. हरमॅटनच्या कोरड्या, गार वाऱ्याचे दिवस, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागत होती, आणि पितळ कोमट. ताप उतरत आलेल्या माणसाचं कपाळ लागतं, तेवढंच. उन्हानं तापलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं. ऊन त्या खोलीत येत नव्हतं.

मग भर दुपारी गल्लीतले जनरेटर बंद पडले, घासकाम थांबलं, आणि त्या शांततेत त्याला ते ऐकू आलं. तीन आखूड, एक लांब.

पहिल्यांदा त्याला शेजारच्या ओसाझुवाचा संशय आला. ओसाझुवा थट्टेखोर, मेल्या माणसाचीही नक्कल करायला कमी करणारा नव्हे. उहुनोमा तावातावानं तिकडे गेला, तर तो दारात बसून घोरत होता म्हणावं तर तेही नाही. चांगला जागा होता, हात मांडीवर, तोंड फिकं. “प्रोफेसर,” तो म्हणाला, “तुझ्या घरात तुझा बाप कामाला बसलाय. मी काही चेष्टा करत नाही.”

उहुनोमा परत आला आणि त्यानं डोक्याला कान लावला. आवाज आतून येत होता. दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं यंत्र गालाला लावलं.

चार.

त्यानं पुन्हा मोजलं. कपाळ चार, हनुवटी चार. ओतलं तेव्हा साडेचार होतं.

आईला त्यानं सांगितलं नाही, पण तिला कान होतेच. ती दारात येऊन उभी राहिली आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. “कोंडलंस त्याला,” ती म्हणाली. “बाहेर यायला वाट शोधतोय तो. आत्ताच्या आत्ता टाळूला भोक पाड.”

“पाडतो.”

पाडणार होता, खोटं कशाला बोला. ड्रिल हातात घेतलंही होतं. पण शुक्रवारी परदेशच्या संग्रहालयातली एक बाई त्याचं काम बघायला येणार होती, बारा वर्षांत पहिल्यांदाच. आणि दुसऱ्या दिवशी यंत्रानं सव्वातीन दाखवलं. त्यानं ड्रिल खाली ठेवलं.

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ मोजू लागला. आत खरडणं चालूच होतं, पण आता त्यात दम लागल्यासारखं काहीतरी होतं. तीन आखूड, मग थांबणं, मग एक लांब. डोकं कोमटाचं गरम झालं होतं. बुधवारी पावणेतीन. आई जेवण समोर ठेवायची आणि बघत बसायची. उहुनोमा ताट तसंच ठेवून पितळेच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायचा, “थोडं राहिलं, बाबा. अर्धा-पाऊण मिलिमीटर. मग सोडतोच तुम्हाला.”

आपण काय बोलतोय हे त्याला कळत होतं. तरीही तो बोलत होता.

गुरुवारी संध्याकाळी यंत्रावर आकडा आला. दोन. गाल दोन, कपाळ दोन, मान दोन. उहुनोमा लहान पोरासारखा रडला. उद्या सकाळी भोक पाडू, बाईला एकदा अखंड दाखवू आणि लगेच पाडू, असं त्यानं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी आवाज नव्हता. त्यानं हात लावला, तर डोकं थंडगार.

आता मात्र त्याला बाईबिई काही सुचलं नाही. त्यानं ड्रिल टाळूवर टेकवलं; एवढी पातळ भिंत, दोन क्षणांत पार झाली. आतून काही आलं नाही. आईनं भोकाला तोंड लावून नवऱ्याला नावानं हाक मारली. बेनिनमधली जुनी बाई, जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं तिनं. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, मग तोंड पुसून ती मुलाकडे वळली.

“जिवंतपणी तुझ्यासाठी राबला,” ती म्हणाली, “आणि मेल्यावरही राबवलास.”

उहुनोमानं ड्रिल खाली ठेवलं. आणि त्याच्या मागच्या फळीवरून आवाज आला. तीन आखूड, एक लांब.

फळीवर त्याची जुनी सहा डोकी होती, विकायला ठेवलेली, साडेचारची, जाडजूड, सगळ्यांची टाळू बंद. डावीकडचं पहिलं डोकं कोमट होतं. बाप सुटला नव्हता आणि थकून बसलाही नव्हता. एक संपलं म्हणून त्यानं पोराचं दुसरं हाती घेतलं होतं.

यंत्र तिथेच पडलं होतं. उहुनोमानं त्याला हात लावला नाही. डोकं छातीशी धरून त्यानं ड्रिल लावलं. जाड पितळ, हात भाजेल इतकं तापलं, एक पातं मोडलं, त्यानं दुसरं घातलं. आत खरडणं चालूच. “बास करा, बाबा,” तो म्हणत होता, “पुरे झालं. जाड तर जाड. माझं आहे ते जाडच राहू दे.” शेवटी पातं पार झालं आणि भोकातून ऊन श्वास त्याच्या तोंडावर आला, मेणाचा आणि बापाच्या तपकिरीचा वास असलेला. खरडणं थांबलं. आईनं दार सताड उघडलं आणि ती बाजूला झाली, वाट देतात तशी.

उरलेल्या पाचांनाही त्यानं भोकं पाडली. विषाची परीक्षा कोण घेणार? मग आईनं परातीत लाल माती भिजवली, देव्हाऱ्यावरच्या मातीच्या डोक्यासाठी, आणि मुलापुढे सरकवली.

संग्रहालयातली बाई दुपारी आली तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत मातीत होते. तिनं पातळ डोकं उचललं, मोजलं, पुन्हा मोजलं. हे असं गेल्या कित्येक शतकांत कुणाला जमलेलं नाही, ती म्हणाली. तुम्ही कसं केलंत?

“मी नाही केलं,” उहुनोमा म्हणाला. “माझ्या बापानं केलं. माझं त्यात फक्त भोक आहे, आणि तेही मी उशिरा पाडलं.”