दोन जंतूंचा रिपोर्ट

धुळ्यात रतिलाल डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या लॅबचा एक नियम होता: एका रोग्याला एकच जंतू. लघवीत दोन निघाले, की लिहायचं, 'नमुना दूषित, पुन्हा आणावा.' डॉक्टर हे कॉलेजात पस्तीस वर्षांपूर्वी शिकले होते, आणि जंतूंनीही तेव्हापासून शिस्तीत राहायला हवं होतं.

१९९१ साली साक्रीकडच्या चुडामण आबांना लघवीची नळी बसवली, आणि पंधरा दिवसांत थंडीताप सुरू झाला. त्यांची बायको भागाबाई फ्लास्कात बर्फ घालून, त्यात लघवीची बाटली ठेवून एसटीने यायची. तीनदा आली, तीनदा 'दूषित' ऐकून गेली. "तुम्ही बाटली नीट धुवत नाही," डॉक्टर चार लोकांदेखत म्हणाले. तिसऱ्या वेळी तिच्याबरोबर आलेले आबाही बाकावर बसून ऐकत होते.

लॅब सांभाळणाऱ्या सुनंदाबाईंना मात्र जंतू वाढवायच्या प्लेटवर तिन्ही वेळा तेच दोन दिसले. एकाचे ठिपके गुलाबी, दुसऱ्याचे फिकट. घाण काय दर वेळी ठरवून तीच जोडी पाठवते? त्यांनी चाचरत सांगितलं, की हे दोघं नळीतच चिकट थर धरून राहत असतील, नळी बदलायला हवी.

"म्हणजे जंतूंनी संसार थाटला म्हणता!" डॉक्टर पोट धरून हसले. "तुम्ही आपल्या प्लेटा बघा."

चौथ्या बाटलीला सुनंदाबाईंनी शहाणपणा केला. औषध तरी सुरू होईल म्हणून गुलाबी जंतूचं तेवढं नाव लिहिलं, दुसरा गाळला.

"पाहिलंत? बाटली धुतली की रिपोर्ट कसा स्वच्छ येतो!" डॉक्टर खूश झाले.

गोळ्यांनी ताप उतरला. पाचव्या दिवशी पुन्हा सणकून भरला, नळी तुंबली, आणि आबांना जीपमध्ये आडवं घालून आणलं. डॉक्टरांनी नळी ओढून काढली. आत बुळबुळीत थर, त्यावर चुन्यासारखी खपली. फिकट जंतू लघवीतले क्षार साचवत होता, गुलाबी त्याच्या आडोशाला बसला होता, आणि औषध त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. दवाखान्यात एकमेकांना सांभाळून घेणारे तेवढे दोघंच.

"हल्ली नळ्याच चांगल्या येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आणि हे लोक पाणी पीत नाहीत."

सुनंदाबाईंना स्वतःची शिसारी आली. बाहेर बाकावर भागाबाई बसली होती. बाटल्या उकळून उकळून तिची बोटं सोलली होती. सुनंदाबाई तिच्याशेजारी टेकल्या.

"अक्का, तुमची बाटली पहिल्यापासून स्वच्छ होती. चूक आमची होती. माझीसुद्धा. मी एक नाव लपवलं."

भागाबाई रागावली नाही. तिने सुनंदाबाईंचं मनगट घट्ट धरलं आणि त्यांना आबांच्या खोलीकडे ओढू लागली.

"हाई त्यास्ले सांगा ना बाई. मी घानेरडी शे म्हनीसन पंधरा दिन व्हयनात, त्या मना हातनं पानी पेतस नहीत."