इस्त्री केलेलं रक्त

माझ्या नातीचं रक्त मी इस्त्री केलं. आधी ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी वाटली नव्हती आणि नंतर सांगायची छाती होईना.

नात तेव्हा चार दिवसांची होती. नाव ठरायचं होतं, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. घरी आलेल्या नर्सने तिच्या टाचेला टोचलं, जाडसर कार्डावर छापलेल्या गोलांत रक्ताचे पाच थेंब टिपले आणि पुढच्या बाळाकडे पळता पळता मला सांगितलं की पूर्ण वाळू द्या, मग पाकिटात घालून पोस्टात टाका. खाली आमची लाँड्री. ओलं ते वाळवण्यात माझी चाळीस वर्षं गेलेली. टपालाची गाडी तासाभरात येणार होती आणि कार्ड एका कोपऱ्यात वाकलं होतं. मी त्यावर फडकं टाकलं आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. इतकं सपाट कार्ड त्या प्रयोगशाळेत कधी गेलं नसेल.

चार दिवसांनी फोन आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीला समोर बसवलं, मला आणि आमच्या हिला मागच्या बाकावर. दुधात एक साखर असते, म्हणाल्या. ती पचायला शरीराला एक एन्झाइम लागतं. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, फक्त कामसू जातीचं. बटणच्या रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. खरोखर नसेल तर आईचं दूध तिला विष. यकृत जातं, डोळे जातात, मग बाळच हातचं जातं. हे त्या इतक्या हळू सांगत होत्या की ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. दोष असला तर तो डीएनएत. शिंप्याकडे कागदाचा फर्मा असतो ना, तसा हा डीएनए प्रत्येक पेशीत असतो आणि त्यावरून प्रथिनं बेतली जातात. आई आणि बाप दोघांकडून फाटका फर्मा आला की ते एन्झाइम बेतलंच जात नाही. दूध आजपासून बंद, सोयाबीनची पावडर सुरू. दुसरा नमुना तिथल्या तिथे घेतला. निकाल पाच दिवसांनी.

घरी आल्यावर बटणने ओकारी काढली. एरवी बाळं ओकतातच. पण आता आम्ही तिघं त्या लाळेऱ्याकडे एकटक बघत उभे राहिलो. तिचे डोळे मला पिवळे दिसायचे. आमची ही म्हणे, पडद्यामुळे दिसतात. मी पडदा काढून टाकला. तरी दिसायचेच.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा खाटीक एप्रन घेऊन आला. रक्ताचा डाग होता. धुण्याची पावडर टाकून पाणी उकळू का, त्याने विचारलं. हे भाषण मला पाठ आहे. खळ म्हणजे कर्बोदक, वंगण म्हणजे स्निग्ध पदार्थ, रक्त नि अंडं म्हणजे प्रथिन. प्रत्येकाला कातरणारं एन्झाइम पावडरीत वेगळं. पाणी कोमटच घ्यायचं, उकळलं की एन्झाइमं मरतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का, असं मी नेहमी शेवटी विचारतो. त्या दिवशी 'उकडलेलं' म्हटलं आणि पुढचा शब्द फुटेना. खाटकाने मला खुर्ची दिली, माझीच.

वर जाऊन आधी हिला सांगितलं. ती हातातली दुपटी तशीच धरून खाली बसली. मग तिने दार लोटलं.

"अहो, पोरीला सांगू नका. आशेवर ती दूध पाजून मोकळी होईल. आणि एन्झाइम खरंच नसलं तर?"

तिचं खोटं नव्हतं. इस्त्रीने एन्झाइम मेलं असेल, किंवा मुळातच नसेल. जळक्या शर्टावरून तो आधी कसा होता हे मला कधी सांगता आलेलं नाही. बोललो तर नात जाईल, गप्प बसलो तर काय जाईल, याचा मी हिशेब करत होतो, तेवढ्यात मोरीपाशी पाण्याचा पेला भरल्याचा आवाज आला. लेकीच्या दुसऱ्या हातात गोळी होती. दूध आटवायची. माझंच दूध तिला मारत होतं, आता थेंबभरही नको, असं ती सकाळपासून म्हणत होती.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं, फडक्यासकट.

तिने गोळी मुठीत धरली. मग विचारलं, "किती गरम होती?"

"सुतीवर."

तिने पेला खाली ठेवला आणि फोन उचलला. डॉक्टरीणबाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं. अखेर म्हणाल्या, गोळी घेऊ नका. पण दूधही पाजू नका. काकांच्या इस्त्रीवर मी बाळाचा जीव टांगणार नाही, पहिलं कार्ड बाद, दुसरा निकाल येऊ दे.

राहिलेले तीन दिवस लेक दर तीन तासांनी दूध काढून मोरीत ओतत होती. पाणी सोडल्याचा आवाज खाली लाँड्रीपर्यंत यायचा. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. पावडरीचा डबा द्या, इतकंच. मी इस्त्रीला हात लावत नव्हतो. लोक चुरगळलेले कपडे घेऊन जात होते, कुणी तक्रार केली नाही. माझा चेहरा बघून कुणाची टाप होती?

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. एन्झाइम भरपूर होतं. पाजा, म्हणाल्या.

लेकीने बटणला मांडीवर घेतलं आणि तशीच बसून राहिली. प्रयोगशाळेचा निकाल खरा मानायची तिची आता हिंमत नव्हती, आणि तिची हिंमत मीच मोडली होती. मी उठून निघालो.

"बाबा, जाऊ नका. तिकडे तोंड करून बसा, पण इथेच बसा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे गिळण्याचा आवाज सुरू झाला, बारीक, ठरावीक. मी कानात प्राण आणून ऐकत होतो. मध्येच तो थांबला.

"काय झालं?" मी भिंतीलाच विचारलं.

"श्वास घेतेय ती," लेक म्हणाली. "तुम्हीही घ्या."