उघडं पडलेलं नाव

मोंतेसोलेच्या ड्यूकसाहेबांना आपलं नाव देवाच्या कानी घालायची भारी हौस. तसं प्रार्थनेत नाव घेतात सगळेच, पण यांना ते सुरांत हवं. त्यासाठी दरबारचे गानमास्तर जेर्वे मोरेल कांब्रेहून डोंगर ओलांडून आले होते आणि इथेच म्हातारे झाले होते.

रीत साधी होती. नावातले स्वर घ्यायचे आणि त्यांना सुरांची नावं जुळवायची. ‘रिनाल्दुस दुक्स’, हे ड्यूकसाहेबांचं लॅटिन नाव (दुक्स म्हणजे ड्यूक), त्यातले स्वर इ, आ, उ, उ. त्याचे झाले मी, फा, उत, उत; उत म्हणजे सगळ्यांत खालचा सूर, आपल्या सासारखा. वर चढायला बघतं न बघतं तोच खाली येऊन दोनदा आपटणारं हे नाव! जेर्वेने आयुष्यभर ते झाकलं. एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गाणाऱ्या आवाजांतल्या मधल्या आवाजात एकेक सूर इतका लांबवायचा की बाकीचे आवाज त्याच्याभोवती खुशाल हिंडावेत. रश्श्यातल्या लसणासारखं, चव सगळीकडे लागावी पण दाताखाली काही येऊ नये. ड्यूकसाहेब दर खेपेला विचारायचे, “माझं नाव आहे ना यात?” जेर्वे म्हणायचा, आहे महाराज. खोटं नव्हतं ते.

आता मात्र जेर्वे थकला होता. बोटं आखडत होती, आणि नव्या मिस्साचा, म्हणजे सबंध प्रार्थनाविधीच्या संगीताचा, नुसता विचार आला तरी अंगावर काटा यायचा. कांब्रेच्या मोठ्या चर्चमध्ये एक जागा रिकामी झाली होती आणि तिथल्या लोकांनी ती त्याच्यासाठी जूनमधल्या सेंट जॉनच्या सणापर्यंत राखली होती. बहीण आल्दोंद तिथं एकटी होती, तिचे डोळे जवळजवळ गेले होते. त्याला घरी जायचं होतं, बाकी काही नको होतं. पण परवानगी मागितली की ड्यूकसाहेब हसून म्हणायचे, तुमच्यासारखा माणूस कोण सोडतो?

“मग तुझ्यासारखा राहू नकोस,” वाउटर म्हणाला. हा ब्रुजचा, खर्जातला गवय्या, बियरच्या आठवणीने रोज रडणारा. “ईस्टरला असं काहीतरी भिकार लिही की म्हातारा कंटाळून स्वतःच तुला खेचरावर बसवेल.”

“लाज वाटेल रे.”

“इथे वाटून घे. तिकडे कोणाला कळतंय?”

जेर्वेने ऐकलं. खरं सांगायचं तर वाईट लिहायला त्याला चांगल्यापेक्षा जास्त कष्ट पडले. हात आपोआप सावरायला जायचा, तो त्याला धरून ठेवावा लागे. त्याने नाव मधून काढून उघड्यावर आणलं. बाकीचे आवाज गप्प, आणि तो एकटा आवाज दारावर थाप मारावी तसा मी, फा, उत, उत. मग सगळ्यांनी मिळून तेच. पुन्हा तेच. तालमीत गायक एकमेकांकडे बघायला लागले. वाउटर हसून हसून भिंतीला टेकला. जेर्वेला हसू आलं नाही.

ईस्टरला ड्यूकसाहेब आपला सुजलेला पाय उशीवर ठेवून बसले होते. पहिलं नाव आलं तशी त्यांची मान वर झाली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा बोट खुर्चीच्या हातावर ठोके द्यायला लागलं. शेवटी शेवटी तर ते चक्क गुणगुणत होते. वाउटरचा चेहरा उतरला.

नंतर त्यांनी जेर्वेला बोलावलं. डोळे ओले होते त्यांचे. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखणं.

“मास्तर, इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात नाव आहे म्हणून, आणि मी मानत होतो. आज ते मला ऐकू आलं. आता तुम्हाला कसा सोडू? यापुढे सगळं असंच लिहा.”

जेर्वेने बहिणीचं सांगून पाहिलं, जागा दुसऱ्याला जाईल म्हणून पाहिलं. आपण हे मुद्दाम बिघडवलं हे मात्र त्याला सांगता येईना. ते सांगायचं म्हणजे, तुमचा कान बिनकामाचा आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणणं.

“घराची ओढ मला कळते,” ड्यूकसाहेब त्याचा हात थोपटत म्हणाले. “म्हणून तर मी तालमीतूनच एक नक्कल करून घेतली होती. ती कांब्रेला पाठवली. वर तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत. तुमच्या बहिणीला पुढे बसवून ऐकवा असंही कळवलंय.”

 लहानपणी जेर्वे गाऊन घरी आला की आल्दोंद स्वयंपाकघरातूनच सांगायची, आज तिसऱ्या ओळीत तू आळस केलास. डोळे गेले, तिचे कान गेले नव्हते.

“महाराज, ती प्रत तेवढी परत मागवा. त्यात अजून दुरुस्त्या...”

“पुरे तुमचा विनय. घोडेस्वार प्रार्थना संपताच निघाला.”

आता आभार मानायची वेळ होती आणि ड्यूकसाहेब वाट बघत होते. जेर्वेने वाकून आभार मानले.